सूर्य जास्त ओढतो, तरी भरती चंद्राची का?

नमस्कार. भरती-ओहोटीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. सूर्याची ओढ चंद्रापेक्षा कितीतरी मोठी, मग मान चंद्राला का? चंद्राच्या विरुद्ध, पलीकडच्या बाजूलाही येणारी भरती केंद्रोत्सारी (फिरताना बाहेर फेकू पाहणाऱ्या) प्रेरणेमुळे येते असं शाळेत शिकवतात, ते मी का गाळलं? आणि ‘चंद्र पाणी वर उचलतो’ हे माझं वाक्य चूक आहे.

तिसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो शंभर टक्के बरोबर आहे. चंद्रामुळे पाण्याचं वजन घटतं ते साधारण एक कोटीव्या भागाने. तेवढ्याने समुद्र उचलला जाणं शक्यच नाही. पाणी आडवं सरकतं, हजारो किलोमीटरच्या पट्ट्यातून थोडं थोडं येऊन साचतं. गावच्या तळ्याला भरती दिसत नाही ती यामुळेच; तिथे सरकून यायला पाणीच नाही.

आता सूर्य. त्याची ओढ चंद्राच्या सुमारे १७८ पट आहे, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. लेखात मी हे एका ओळीत उरकलं, तिथेच घोळ झाला. पृथ्वीच्या केंद्राशी चंद्राची ओढ १०० धरा. चंद्राकडच्या बाजूला ती १०३.४ भरते आणि पलीकडे ९६.८. फरक ६.६ चा. त्याच मापाने सूर्याची ओढ १७,८०० होते, पण तो १५ कोटी किलोमीटर दूर. तिथून पाहता पृथ्वीचा पावणेतेरा हजार किलोमीटरचा व्यास म्हणजे काहीच नाही. दोन टोकांतला फरक जेमतेम ३! चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला हे दोन्ही परिणाम एकाच रेषेत येतात तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास काटकोनात येतात तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती.

पलीकडच्या भरतीचं उत्तरही याच आकड्यांत आहे. एक दिंडी डोळ्यांसमोर आणा. सगळे पंढरपूरच्याच दिशेने चाललेत. पुढचे भरभर, मधले बेताने, मागचे रेंगाळत. मधल्या वारकऱ्याने मान वळवून पाहिलं तर पुढचेही त्याच्यापासून लांब गेलेले दिसतील आणि मागचेही. मागच्यांना कुणी उलट्या दिशेने ढकललेलं नाही. पलीकडच्या पाण्याचं तसंच आहे: तेही चंद्राकडेच ओढलं जातं, पण पृथ्वीपेक्षा कमी, म्हणून मागे राहतं.

केंद्रोत्सारी प्रेरणा घेऊन हे गणित मांडता येतं, नाही असं नाही. पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक केंद्राभोवती फिरतात. पण त्या फिरण्यातून येणारी प्रेरणा पृथ्वीवर सगळीकडे सारखीच असते, अलीकडेही आणि पलीकडेही. जी सगळीकडे सारखी, तिने एकाच बाजूला फुगवटा कसा येईल? फरक पुन्हा चंद्राच्या ओढीतच उरतो. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने विषुववृत्ताचा व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा ४३ किलोमीटरने मोठा झालाय, पण तो फुगवटा कायमचा आहे. तो दिवसातून दोनदा येत-जात नाही. पाठ्यपुस्तकांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि पिढ्यानपिढ्या मुलं तेच पाठ करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिशोब पडताळायचा तर अलिबागला जा. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वाट पाण्याखाली असते, संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच वाटेने लोक चालत जातात. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. म्हणजे दर तिथीला पाऊण तास उशीर. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या किती जवळचं हे! सूर्याची भरती मोठी असती तर ती रोज त्याच वेळेला आली असती आणि हा पाऊणपटीचा हिशोब कुणाला सुचलाही नसता.

‘उचलतो’ हे वाक्य मूळ लेखात आजच बदललं आहे, दिंडीचा परिच्छेदही तिथे घातला आहे. एकदा वाचून बघा. अजून काही खटकलं तर जरूर लिहा.