साठ दुकानं फुकट वापरतात, म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही स्वतःचा धंदा उघड करून बोललात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिली दहा गिऱ्हाइकं पैसे मोजेपर्यंत नोकरी सोडू नका, गुंतवणूकदार शोधू नका आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर परभणी जिल्ह्यातल्या या मित्राचं म्हणणं असं: हा सल्ला पुण्यातल्या पगारदार पोरांना ठीक आहे. मराठवाड्यात आधी पैसे मागितले तर कुणी दारात उभं करत नाही, आधी फुकटच द्यावं लागतं. कोरडवाहू घरात वर्षाचा खर्च बाजूला ठेवणार कुठून? आणि ‘तुमच्यासारखे लोक पोरांचे पाय ओढतात.’ हा मित्र आणि त्याचा जोडीदार कृषी सेवा केंद्रांसाठी साठा आणि उधारीचं ॲप चालवतात. साठ दुकानं ते फुकट वापरतात. वडिलांच्या पीककर्जातले लाखभर रुपये त्यात गेलेत आणि ओळखीचे एक कंत्राटदार चाळीस टक्के हिश्शावर पाच लाख टाकायला तयार आहेत.

आधी त्या साठ दुकानांचं बघू. वापरतात म्हणजे काय करतात? नोंदी मालक करतो, त्याचा पोऱ्या करतो, की तुम्हीच जाऊन भरून देता? मृगाचा पाऊस पडला आणि काउंटरवर बियाण्याची रांग लागली, त्या आठवड्यात ॲप उघडलं गेलं का? अनुदानाच्या खताची विक्री २०१८ पासून देशभर सरकारी पॉस मशीनवर (विक्री नोंदवायचं छोटं यंत्र), आधार घेऊन नोंदवावी लागते. त्यानंतर बिलबुक. त्यानंतर तुमचं ॲप, म्हणजे तिसरी नोंद. जूनच्या गर्दीतही जो मालक ही तिसरी नोंद करतो त्याला तुमची गरज आहे, आणि तो पैसे देईल. ‘आता लई गर्दी हाय, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याला नाही. साठांतले पहिल्या प्रकारचे किती, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच जाणून घ्यायचं होतं. फुकट वापरणारा तक्रारही करत नाही, गुपचूप बंद करतो. पैसे मोजलेला माणूस रात्री नऊला फोन करून भांडतो की उधारीचा मेसेज गेला नाही. ॲप सुधारतं ते या भांडणातून.

आता पैसे मागितल्यावर कुणी उभं का करत नाही ते पाहू. तुम्ही महिन्याला तीनशे रुपये सांगता. ही पद्धत पगारदाराच्या खिशाला बेतलेली आहे. कृषी सेवा केंद्राचा पैसा तसा फिरतच नाही. मे-जूनमध्ये त्याची रोकड माल भरण्यात जाते, तो माल शेतकऱ्याकडे उधारीवर जातो, आणि सोयाबीन विकलं गेलं की दसरा-दिवाळीपासून वसुली सुरू होते. कापसावाल्यांची तर संक्रांतीच्याही पुढं जाते. ऑगस्टमध्ये त्याच्या गल्ल्यात काही नसतं. तेव्हा तीनशे रुपये मागितले तरी तो तोंड फिरवणार, आणि आपल्याला वाटणार इथल्या माणसांना तंत्रज्ञानाची किंमत नाही.

दिवाळीनंतर जा. तो स्वतः वही घेऊन वसुलीला निघालेला असतो, तेव्हा गाववार थकबाकीची यादी काढून हातात द्या आणि वर्षाचे तीन हजार एकरकमी मागा. यादीतून जुनी, विसरलेली उधारी निघाली असेल तर घासाघीस फार होणार नाही. एक मात्र सांभाळा. दुकानदार उधारीवर धंदा करतो म्हणून तुम्हीही ‘वापरा, नंतर द्या’ करू नका. त्याचा शेतकरी पुढच्या जूनला त्याच्या दारात येणार असतो, तुमच्याकडं कुणाला यावं लागत नाही. (आणि पैसे थकले म्हणून त्याचा डेटा अडवून ठेवू नका. मोंढ्यात ती गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते.)

मराठवाड्यातला माणूस पैसे देत नाही, हे मला मान्य नाही. लातूरच्या क्लासेसची फी भरायला लोक जमीन गहाण टाकतात. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्याची कंपनी काढली, तेव्हा शेतकऱ्याच्या कणगीत घरचं बियाणं फुकट होतं. तरी त्यानं संकरित बियाणं विकत घेतलं, तेही दर हंगामाला नव्यानं, कारण फरक रानात दिसत होता. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुमच्या ॲपचा फरक दुकानदाराला कुठं दिसतो, एवढं शोधा.

वर्षाच्या घरखर्चाबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे. तो हिशोब पगारदारासाठीच होता. पण कोरडवाहू घरातल्या पोराला मी त्याहून कडक गोष्ट सांगेन: पीककर्जाला हात लावू नका. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही. मुदत हुकली की ती सवलत जाते, आणि कर्ज थकलं तर पुढच्या खरिपाला बँक वडिलांना दारात उभी करत नाही. गेलेले लाखभर रुपये मुदतीआधी घरात परत गेले पाहिजेत. त्यासाठी जोडीदारासोबत दुसऱ्यांची कामं घ्या, कुणाची वेबसाइट करा, जीएसटी भरणाऱ्याकडं अर्धवेळ बसा. त्यात कमीपणा नाही.

आता कंत्राटदार. पाच लाखांना चाळीस टक्के, म्हणजे त्यांचे पैसे धरून अख्ख्या कंपनीची किंमत साडेबारा लाख. उरलेले साठ टक्के तुम्हा दोघांत, प्रत्येकी तीस. म्हणजे ज्यानं एकाही दुकानाची पायरी चढलेली नाही, तो सगळ्यात मोठा मालक. पुढं खरा गुंतवणूकदार आला तर ही वाटणी बघूनच तो उठेल, कारण काम करणाऱ्यांच्या हातात त्याला पुरेसं काही दिसणार नाही. कुणी सांगेल, आत्ता किंमत न ठरवता कन्व्हर्टिबल नोट करा, म्हणजे आत्ता कर्ज म्हणून पैसे घ्या आणि पुढं त्याचे शेअर द्या. ती वाट सरकारी मान्यता मिळालेल्या स्टार्टअप कंपनीलाच आहे आणि एका माणसाकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. पाच लाखांना ती लागू नाही. माझं मत विचाराल तर दिवाळीपर्यंत थांबा. वीस दुकानांनी तीन-तीन हजार दिले तर हातात साठ हजार येतील. रक्कम लहान आहे, पण त्यानंतर कंत्राटदाराशी बोलताना चाळीस टक्क्यांचा विषय तुम्ही हसून टाळू शकाल. तरीही सही करायची वेळ आलीच, तर आधी छत्रपती संभाजीनगरच्या ‘मॅजिक’ या नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये जाऊन कागद दाखवा.

दुकानं जमली नाहीत तर संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर देऊ, असं तुम्ही लिहिलंय. द्या, पण उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) आधी करा, ती फुकट होते. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं, नाहीतर कारखान्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात धरता येतो. जीएसटी नंबर घेतला असेल तर लाखाच्या बिलावरचे अठरा हजार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सरकारला भरायचे असतात, कारखान्यानं पैसे दिलेले असोत वा नसोत. तेवढी रोकड जवळ नसेल तर मोठं बिल फाडू नका.

शेवटचा प्रश्न, प्रायव्हेट लिमिटेड आत्ताच काढावी का. नको. उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट लागतं, आणि वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. दोघं आहात तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, पुरे. तिला उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिटची सक्ती नाही. करारात एक कलम मात्र आत्ताच घाला. जोडीदार एमपीएससीची तयारी करतोय म्हणता. त्याची निवड झाली तर त्याचा हिस्सा काय? साधारण रिवाज हिस्सा चार वर्षांत थोडा-थोडा मिळवायचा आहे: पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काही नाही, पुढं जितकं काम तितका हिस्सा. हे त्याच्याशी निकाल लागायच्या आधी बोला.