उपाशी दिसणारं पिल्लू

जानेवारीत आई दादरहून ऑस्ट्रेलियात माझ्याकडे ॲडलेडला आली, तेव्हा तिला कांगारू आयलंडला नेलं. केप जर्व्हिसहून फेरीने पाऊण तास. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे, ॲडमिरल्स आर्च. छताला दगडाची लोंबती टोकं, खाली फेस, आणि खडकांवर ओल्या गोणपाटांसारखी पसरलेली फर सील. वास थेट मासळी बाजाराचा.

एक पिल्लू एकटंच ओरडत होतं. आईने पर्समधून पारले-जीचा पुडा काढला. ‘‘उपाशी आहे रे ते.’’ मी तिचा हात धरला. सीलची मादी कितीतरी दिवस समुद्रात मासे मारत असते, परत आली की आवाजा-वासावरून आपलं पिल्लू ओळखून पाजते, असं सांगितलं. ‘‘म्हणजे कामावर गेलीय,’’ आई म्हणाली. तीस वर्षं लोकलचे धक्के खाल्लेल्या बाईला ते लगेच पटलं.

कबुतरांना दाणे घालू नयेत, हे मात्र तिला पटत नाही. 2025 मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, ऑगस्टमध्ये जमावाने ती ताडपत्री काढली, प्रकरण हायकोर्टात रंगलं, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. ‘इथे बघा कशी शिस्त’ असं परदेशातून लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. (एकदा मीही लिहिलं होतं.) याच किनाऱ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातड्यांसाठी सीलांची कत्तल झाली. आता त्यांची संख्या सावरली, तर कूराँग या तिथल्या किनारी सरोवरातले मच्छीमार त्यांच्या नावाने बोटं मोडतात. आणि शिस्त म्हणाल, तर निम्मी ॲडमिरल्स आर्चच्या लाकडी पायवाटेच्या कठड्याची.

तरी दाणे बंदच व्हावेत, असं माझं मत. कबूतर मुळात कड्याकपारीतलं पाखरू. आपले सज्जे आणि एसीचे खोके त्याला कडेच वाटतात. जागा आयती मिळालेली, वर पोत्याने चणे ओतले तर दुसरं काय होणार? पुण्य दोन मिनिटांत पदरी पडतं. विष्ठेची धूळ समोरच्या खिडकीतल्यांच्या फुप्फुसात वर्षभर जाते.

‘‘सीलला समुद्र आहे,’’ आई म्हणाली. ‘‘त्यांना काय आहे?’’ मला पटकन काही सुचलं नाही.

परतताना फेरीच्या डेकवर एक सीगल अगदी जवळ येऊन बसला. आईने पुडा फोडला, माझ्याकडे बघितलं आणि बिस्किट स्वतःच्या तोंडात टाकलं. चुरा मात्र खाली पडू दिला.