वाशीच्या वाचकांस : रिकामटेकडी कोण, ते आधी ठरवू

सेलरीच्या रसावर मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याला बऱ्याच जणींनी "करून बघते" म्हणून कळवलं. आणि वाशीहून एका सद्गृहस्थांची ही प्रतिक्रिया आली. काटछाट केली असा आरोप नको, म्हणून जशीच्या तशी देते :

"सेलरीत ९५ टक्के पाणी असतं. तुम्ही ती वाटून गाळता, म्हणजे उरलेल्यातला कामाचा चोथा तोही काढून टाकता. अर्धा किलो सेलरीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. व्हिटॅमिन के बऱ्यापैकी असतं, त्यामुळे वॉर्फरिन घेणाऱ्यांनी जपायला हवं. लेखात त्याचा उल्लेख नाही. ज्या अँथनी विल्यम नावाच्या अमेरिकन माणसामुळे हे खूळ पसरलं ते डॉक्टर नाहीत, एक आत्मा आपल्याला हे सगळं सांगतो असं ते म्हणतात. सेलरी ही आपल्या कुंडीतल्या ओव्याच्या पानांची बहीण, हेही चूक. थोडक्यात काय, रिकामटेकड्या बायकांचे हिरवे चोचले."

ओव्याचं माझं चुकलं. कुंडीतली ती जाड, लव असलेली पानं, ज्यांची आपण पावसाळ्यात भजी करतो, ती खऱ्या ओव्याची नव्हेतच. ते झाड तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. खरा ओवा आणि सेलरी मात्र एका कुळातले. कोथिंबीर, बडीशेप, गाजरही त्याच घरातले. वासावरून मी नातं लावलं. लेखात दुरुस्ती केली आहे, बघून घ्या. चूक दाखवली की मी मान्य करते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे.

आता "रिकामटेकड्या".

साहेब, हा शब्द लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं? मी ३३ वर्षं फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी केली. पहाटे साडेचारला उठून तीन डबे, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, मग ठाण्याच्या नौपाड्यातून स्टेशनापर्यंत जवळजवळ पळत, आणि जलद गाडीच्या लेडीज डब्यात एका पायावर. चहा अनशापोटी, दोनदा. दुसरा तर उभ्यानेच. विक्रोळी येईपर्यंत घशाशी आंबट यायचं. पर्समध्ये पावडरीऐवजी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची. डब्यातल्या मैत्रिणी आपल्या पट्ट्या संपल्या की माझ्याकडे मागायच्या, इतकी माझी ख्याती.

२०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. ऑगस्टात सेलरीचा रस सुरू केला. दिवाळीपर्यंत गोळ्यांची पट्टी घरात शोधूनही सापडेना. याला तुम्ही काय म्हणाल? पाणी? तेहतीस वर्षं मी पाणीच पीत होते की!

आता कोणी म्हणेल की निवृत्तीनंतर धावपळ संपली, अनशापोटीचा चहाही सुटला (रसानंतर अर्धा तास काही घ्यायचं नसतं, म्हणून), दुपारी गरम जेवण मिळू लागलं, त्याने पित्त गेलं असेल. माझी मुलगीच म्हणते. म्हणू दे. पोट माझं आहे, आणि ते कशाने शांत झालं हे वाशीला बसून कळत नाही.

आणि "चोचले" म्हणता, तर त्या चोचल्याला किती कष्ट पडतात तेही ऐका. एक जुडी जांभळी नाक्यावरून आणायची. सगळ्यांकडे नसते, ब्रोकोली, लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या विकणाऱ्या एका-दोघांकडेच मिळते. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक चायनीजच्या गाड्या, त्यामुळे उशीर झाला की संपलीच. आणल्यावर एकेक दांडा सुटा करून वाहत्या पाण्याखाली धुवायचा, कारण बुडाशी जो पांढरा वाकडा भाग असतो त्यात माती लपून बसते. शेंड्याची पानं कडू, ती निम्मी काढायची. मग बोटभर नाही, नखभर तुकडे. हे का सांगते, तर आमच्या शेजारणीने लांब तुकडे टाकले आणि दांड्याचे दोरे मिक्सरच्या पात्याला असे गुंडाळले गेले की भांडं दुरुस्तीला द्यावं लागलं. दोन चमचे पाणी, जास्त नाही. वाटलं की मलमलच्या फडक्यातून पिळायचं. चहाच्या गाळणीने वरचा फेस खाली येतो आणि रस तोंडाला खरखरीत लागतो. अर्धा किलोतून एक मोठा पेला निघतो. मग मिक्सर, फडकं, पाट, विळी धुणं आलंच. पाऊण तास जातो. रिकामटेकड्या माणसाला एवढं झेपेल का, विचारून बघा.

त्यापुढचा शब्द "बायकांचे". हा तर खास बोचला. एकदा तलावपाळीला सकाळी सहाला येऊन बघा. चालून झालं की रसाच्या गाडीभोवती कोण उभं असतं? टोप्या घातलेले निवृत्त पुरुष. दुधीचा, कारल्याचा, आवळ्याचा रस घटाघटा पितात आणि एकमेकांना साखरेचे आकडे सांगतात. त्यांना कोणी चोचले म्हणत नाही. त्यांचं ते "पथ्य". आणि दुधीबद्दल बोलायचं तर कडू दुधीचा रस खरोखर विषारी असतो. २०१० मध्ये दिल्लीतले एक शास्त्रज्ञ त्याने दगावले, त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने सांगितलं की रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या. गाडीवर कोणी चाखून बघतं? मी तरी पाहिलं नाही. तिकडे जाऊन उपदेश करायची तुमची छाती झाली नाही, आणि माझ्या एका पेल्यावर मात्र सहा ओळी.

माझे वडील वैद्यांकडून अजमोदादि चूर्ण आणायचे. अजमोदा म्हणजे सेलरीचं बी, असं आमच्याकडे सांगत; दुकानात त्या नावाखाली कधी दुसरंच बी देतात तो घोळ वेगळा. सांगायचा मुद्दा, ही वनस्पती आपल्याकडे काल विमानातून उतरलेली नाही. बी चाललं, वैद्याच्या पुडीतून आलं की चाललं, आणि दांडा बाईने वाटला की खूळ?

बाकीचं थोडक्यात, कारण तेवढंच त्याचं महत्त्व. अँथनी विल्यमना काय ऐकू येतं हे त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्यांची शिष्या नाही, सोळा औंसांचं माप त्यांच्याकडून घेतलं इतकंच. ९५ टक्के पाणी काकडीतही असतं, काकडीच्या कोशिंबिरीवर कधी चिडलात? सोडियमचा हिशोब मी करून पाहिला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे पाचवा हिस्सा माझ्या पेल्यात जातो. जातो तर जातो. मी लोणचं कमी केलं आहे. चोथा मी फेकते असं लेखात कुठेही म्हटलेलं नाही. थालीपिठाच्या भाजणीत मिसळते, सगळा नाही, जेवढा खपतो तेवढा. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं, पण तुम्हाला विचारायचं नव्हतं, सुनवायचं होतं.

वॉर्फरिन राहिलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना हिरव्या पाल्याचं प्रमाण एकदम वाढवू नये, हे गोळी देणारे डॉक्टर पेशंटला सांगतातच. ते मी कशाला सांगायचं? माझा लेख रसावर होता. आता विषय काढलाच आहे म्हणून : आमच्या मजल्यावरच्या आजोबांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, आणि त्यांना महिनाभर मीच रोज अर्धा पेला नेऊन देत होते. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर त्यांच्या सुनेला गोळ्यांची चिठ्ठी बघायला सांगितलं. तूर्त रस बंद केला आहे आणि त्या रक्ततपासणी करून घेऊन डॉक्टरांना विचारणार आहेत. लेखाच्या तळाशी एक ओळ टाकली आहे. ती तुमच्या सांगण्यावरून टाकली असं कृपया समजू नये, टाकायचीच होती.

वाशीला एपीएमसी मार्केट तुमच्या दाराशी आहे, तिथे जुडी आमच्यापेक्षा स्वस्त मिळत असेल. एकदा आणून, धुऊन, चिरून, वाटून, पिळून बघा आणि मग चोचल्यांवर बोला. तुमची प्रतिक्रिया रविवारपर्यंत ठेवते आहे. शेवटचं वाक्य काढून पुन्हा पाठवलीत तर कायमची राहील, नाहीतर सोमवारी सकाळी काढून टाकेन. साडेसहानंतर. त्याआधी मी ओट्यापाशी असते.