शेवटच्या लेक्चरनंतरची एसटी सोडा

भाचीनं यंदा साताऱ्यात एफवाय बीएस्सीला ॲडमिशन घेतलं. परवा घरी आली तेव्हा विचारलं, काय गं, कसं आहे कॉलेज? तर म्हणाली, "छान आहे मावशी. साडेबाराला लेक्चर संपतात, पाऊणची गाडी मिळते."

मला माझीच पहिली दोन वर्षं आठवली. आमचं गाव कोरेगावच्या पुढं. शेवटच्या तासाला सर फळ्यावर लिहीत असायचे आणि आम्ही गाववाल्या मुली बॅगा मांडीवर घेऊन, वह्या आत टाकून बसलेलो. बेल झाली की थेट स्टँड. गाडी लागलेली असली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. दोन वर्षं कॉलेजात गेले, पण लायब्ररीचं कार्ड कोरंच राहिलं.

तिसऱ्या वर्षी वनस्पतीशास्त्राच्या सरांनी सप्टेंबरात कास पठारावर नेलं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. तोवर कास म्हणजे फोटो काढायची जागा, एवढंच ठाऊक. सर ओल्या गवतात गुडघे टेकून बसले आणि माझ्या हातात भिंग दिलं. नखाएवढं लालसर पान, त्याच्या केसांच्या टोकांना थेंब, आणि एका थेंबाला चिकटलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. दवबिंदू नावाची वनस्पती. शेजारी जांभळी सीतेची आसवं. एवढं नाजूक फूल, पण मातीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून जगतं. 'कीटकभक्षी वनस्पती' यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. बघितली त्या दिवशी. या पठाराला २०१२ साली जागतिक वारशात जागा मिळाली, आणि मी त्याच्या पायथ्याच्या गावात दोन वर्षं नुसती एसटी धरत होते.

त्यानंतर मी दुपारची गाडी सोडायला लागले. डिपार्टमेंटमध्ये बसायचं, नमुने कागदात दाबायचे, नावं लिहायची. सरांना प्रश्न विचारायला आधी जीभ रेटायची नाही. पण तास संपल्यावरचे सर वेगळेच असतात, हे मला तेव्हा कळलं. वर्गात ऐंशी पोरं असतात, दुपारी दोनला आपण तिघी. आज मी शाळेत विज्ञान शिकवते ते त्या दुपारींच्या जोरावर.

एनएसएसचंही, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचंही तसंच. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. बरीच मुलं सर्टिफिकेटपुरती नाव घालतात. शिबिरात शंभर जणांचा स्वयंपाक करताना, गावच्या सरपंचांशी बोलताना जे अंगात येतं ते कुठल्या क्लासला मिळत नाही. आणि क्लासचं निघालंच आहे तर सांगते, एफवायपासूनच एमपीएससीच्या पुस्तकांत डोकं घालून डिग्री नुसती ओढत न्यायची, हे मला अजिबात पटत नाही. परीक्षा द्याच, पण तीन वर्षं मोकळ्या मनानं शिकायची संधी पुन्हा येत नाही.

"आम्हाला घरचं काम असतं, पैसे नसतात," असं मुलं म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण हे साताऱ्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथं बोर्डिंग उघडलं ते याच पोरांसाठी. 'कमवा आणि शिका' म्हणत मुलं हातानं कामं करून शिकली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही त्याच विचारावर. ही योजना आजही चालते. ऑफिसात जाऊन चौकशी करा, लाजू नका.

पालकांनाही हात जोडून विनंती आहे, विशेषतः मुलींच्या. एसटीचा पास महिन्याचा असतो, पाऊणच्या गाडीला चालतो तसा साडेचारच्या गाडीलाही चालतो. आठवड्यातून दोन दिवस तरी पोरीला उशिरा येऊ द्या. धारा काढायला उशीर झाला तर त्या दिवशी दुसरं कुणी काढेल.

भाचीला मी दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन दिलंय. काल साडेतीनला तिचा फोन आला. पाठीमागं स्टँडचा आवाज नव्हता.