जिमखान्यावर तट्टू

‘शनिवारी जिमखाना आहे, येणार का?’ शेजारच्या बाईंनी विचारलं. मी पडलो पुणेकर. खेळाचे बूट घालून, बॅडमिंटनची रॅकेट घेऊन निघालो. इंग्लंडातल्या आमच्या खेड्यात जिमखाना म्हणजे चिखलाचं कुरण आणि तट्टांवर बसलेली शाळकरी पोरं. एका मुलीच्या डाव्या हातात लगाम, उजव्या हातात चमचा, चमच्यात अंडं. आपलं लिंबू-चमचाच, पण घोड्यावरून! माझी रॅकेट मी हळूच गाडीत ठेवून आलो.

बाईंना वाटतं, शब्द अस्सल इंग्रजी. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ चा कोश मात्र सांगतो की तो मुंबई इलाख्यात घडवला असावा. रॅकेटच्या कोर्टाला हिंदुस्थानीत गेंदखाना म्हणत. त्यातला गेंद जाऊन जिम्नॅस्टिकचा ‘जिम’ बसला. कोशकारांना मिळालेला सर्वांत जुना दाखला रुडकीचा, १८६१ मधला. म्हणजे खाना फारसी आणि जिम ग्रीक. ग्रीकात ‘जिम्नॉस’ म्हणजे उघडानागडा, हे काही मी बाईंना सांगितलं नाही.

मुंबईत हाच शब्द क्लब झाला. भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावरच झाला. अमेरिकेत अडथळ्यांमधून मोटार गरागरा फिरवणं म्हणजे जिमखाना. आणि पुण्यात तर ती अख्खी वस्तीच.

त्याच वस्तीत राहणाऱ्या मावसभावाने परवा मराठीतून हाकलायच्या परक्या शब्दांची यादी पाठवली. दवाखाना, कारखाना, सगळे खाने त्यात. पत्ता मात्र अजून डेक्कन जिमखानाच!

‘बघ, इंग्रजी कशी सगळं पचवते,’ असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. इंग्रजीला पचवायला काय जातंय? इथे इंग्लंडात पोरांना इंग्रजी शाळेत घातलं तर पुढे नोकरी मिळेल का, ही धास्ती कुठल्याच आईबापाला नसते. मावसभावाच्या घरामागची मराठी शाळा पटाअभावी बंद पडली. ते दुखणं खरं आहे, मला मान्य आहे. पण दवाखान्याचं रुग्णालय केल्याने त्या शाळेत एक पोर तरी परत येणार आहे का?

एवढंच लिहिलं आणि सोबत त्या मुलीचा फोटो जोडला. यादीबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. विचारलं एवढंच, ‘अंडं पडलं का रे?’

पडलं. दोनदा.