समतोल साधताना पाळावयाची पथ्ये

विकास हवाच, परंतु झाडे आणि आदिवासीही जपले पाहिजेत, असे म्हणून चहाचा कप खाली ठेवणाऱ्या सुजाण मुंबईकरांपैकी आपण असाल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे: तराजू आपल्या हाती असावा आणि पारड्यात टाकायची वस्तू दुसऱ्याची असावी.

त्यासाठी आधी नावे नीट ठेवावी लागतात. गोरेगावच्या आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत आणि 1949 साली दुग्ध वसाहत आली ती त्यांच्या शेजाराला. तरीही आपण त्या भागाला जंगल म्हणू नये, ‘मोकळी जागा’ म्हणावे. वनहक्क कायदा 2006 चा आहे खरा, पण जिथे वनच नाही तिथे वनहक्काचा दावा कशावर करणार? पाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाकडे कागद मागावा. बिबट्याकडे तूर्त मागू नये, कारण तो वाघोबा म्हणून पुजला जातो आणि कागदपत्रांच्या बाबतीत फारच हट्टी आहे.

मुहूर्ताचेही भान असावे. 4 ऑक्टोबर 2019 रोजी मेट्रोच्या कारशेडसाठी होणारी झाडतोड रोखावी म्हणून केलेल्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. दोन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडे पडली, जमावबंदीचे 144 कलम लागले, झाडांपाशी धावलेली तरुण मुले कोठडीत गेली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तेव्हा सरकारने नम्रपणे सांगितले की तोडायची तेवढी झाडे तोडून झाली आहेत. आज्ञाधारकपणा असावा तर असा! पुढे 2023 मध्ये 84 झाडांची मुभा असताना जास्त झाडांसाठी परस्पर अर्ज केल्याबद्दल त्याच न्यायालयाने मेट्रो महामंडळाला 10 लाखांचा दंड केला आणि 177 झाडे तोडू दिली. दंड आणि परवानगी एकाच आदेशात मिळणे, याला समतोल नाही तर काय म्हणावे?

मेट्रो वाईट आहे, असे मी म्हणत नाही. आरेहून कफ परेडपर्यंत भुयारातून गारेगार जाताना मलाही झाडांची आठवण येत नाही, कारण खिडकीतून ती दिसतच नाहीत. पाड्यातली कुटुंबे इमारतीत हलली, तर त्यांना ‘पक्के घर’ मिळाले म्हणून आनंद मानावा, आणि कोंबड्या, भाताचे वावर व करवंदाची जाळी कितव्या मजल्यावर ठेवायची, हे विचारू नये. त्यांची वारली चित्रे मात्र आपल्या भिंतीवर अवश्य काढून घ्यावीत. तारपा वाजवणारा माणूस भिंतीवर फार जागा अडवत नाही.

मृगाचा पाऊस पडला की स्टेशनाबाहेर गोणपाटावर शेवळांच्या जुड्या मांडून एखादी आदिवासी मावशी बसते. तिच्याशी दहा रुपयांची घासाघीस करावी, ‘आजकाल रानभाज्या मिळतच नाहीत हो’ असे हळहळून म्हणावे, आणि काकडाची आंबट फळे तेवढी फुकट मागून घ्यावीत, कारण ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात.