वर्ष वाया गेलं म्हणे!

आमच्या नातवाचा वाढदिवस जुलैत. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून नियम झालाय की १ जूनला सहा वर्षं पूर्ण असतील तरच पहिलीत घेणार, त्यामुळे आमचा गडी सव्वा महिन्याने हुकला आणि घरात सुतकी चेहरे. सूनबाई म्हणे वर्ष वाया गेलं, मुलगा म्हणे आई तू बँकेत होतीस, कोणाची ओळख निघते का बघ. अरे ओळखीने जन्मतारीख बदलते का? शेवटी ठरलं की रिकामं वर्ष आहे तर ट्युशन लावू. सहाही पूर्ण नसलेल्या पोराला. ट्युशन.

म्हटलं थांबा, आधी मी बघते त्याला काय येतं. इंग्रजीत हंड्रेडपर्यंत घडाघडा, मध्ये श्वास पण नाही घेतला. म्हटलं शाब्बास, आता मला सात चिंचोके दे. मूठभर दिले. मोजले तर अकरा! आणि वर माझ्याकडे असा बघतोय की जास्त दिले तर आजी खूश व्हायला पाहिजे ना. छत्तीस वर्षं कॅश काउंटरवर बसलेल्या बाईला हे बघवत नाही हो.

पहिलीचा अभ्यास आधीच उरकून टाकला म्हणजे शाळेची तयारी झाली असं आपण धरून चाललोय. मला विचाराल तर चार परक्या माणसांत बसता येणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं आणि मग तीच स्वतःचं मीठमसाला लावून सांगणं, शू लागली तर न रडता सांगणं, शर्टाची बटणं आपली आपण लावणं, यातच निम्मी पहिली होते. आणि हे एकट्या आईबापाच्या आवाक्यातलं काम नाहीच. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारच्या वाड्यात वाढलो, खालच्या मामी डाळ निवडायला बसवायच्या, वरच्या काकांना निरोप द्यायला पिटाळायच्या, निरोप चुकला की परत जिने चढा. (वाड्यात कटकटी पण रग्गड होत्या, नळावरची भांडणं मी विसरलेली नाही.) आता मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये नातवाला समोरच्या घरात कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून माहीत!

बडोद्यात राहून आपण किती घाई करतो याचं मला हसू येतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. तेव्हा सक्ती होती ती सातव्या वर्षापासून! आणि ताराबाई मोडक, आपल्या मराठी बाई, भावनगरला बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तिथे पाड्यावरची पोरं शाळेत येईनात, तर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी शब्द तिथला. सरकारची योजना १९७५ ची, म्हणजे तीस वर्षांनी. अंगणात खडे, बिया, पानं, जे मिळेल त्यातून शिकवायचं. आपण काय करतोय, तर अंगणातलं पोर उचलून ट्युशनच्या खोलीत कोंबतोय.

तर जूनपासून आम्ही तिघी, मी, शेजारच्या बा (म्हणजे गुजराती आजी) आणि एक निवृत्त नर्सबाई, रोज संध्याकाळी साडेपाचला सोसायटीच्या मंदिराच्या ओट्यावर बसतो. फी नाही, वर्कशीट नाही. बा गुजरातीत गोष्ट सांगतात, पोरं ओरडतात 'बा वार्ता, वार्ता', पहिल्या दिवशी मला वाटलं बातम्या लावायला सांगतायत. माझं खातं चिल्लरचं. एक, दोन, पाचची नाणी, बिस्किटाचं दुकान, दहाची नोट दिली तर परत किती. नातू आता सात म्हणजे सातच देतो, उलट मलाच परत मोजायला लावतो.

वॉचमनची मुलगी पण येते, दाहोदकडची. घरात भिली भाषा बोलतात. पंधरा दिवस तोंड उघडलं नाही पोरीने, नुसती खांबाला टेकून बसायची. दोन-तीन आयांनी विचारलं की तिला कशाला बसवता. मी ऐकलंच नाही. एक दिवस नर्सबाईंनी सागरगोटे काढले आणि या पोरीने सगळ्यांना धुतलं! जिंकताना ती तिच्या भाषेत मोजत होती, ते ऐकून आता सगळी गँग तसंच मोजते.

म्हणूनच केजीच्या मीटिंगमध्ये टीचर म्हणाल्या ना, घरी मराठी बंद करा, मुलगा कन्फ्यूज होतो, तेव्हा डोक्यातच गेलं माझ्या. २०२० च्या शिक्षण धोरणात सुद्धा शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हटलंय. ज्याला 'आज बागेत काय झालं' हे मराठीत धड सांगता येत नाही तो ते इंग्रजीत कुठून सांगणार? आमच्या ओट्यावर तीन-चार भाषांचा काला असतो, कोणी कन्फ्यूज नाही, मी सोडून.

ट्युशनचं अजून भिजत घोंगडं आहे, सूनबाई म्हणतात दिवाळीनंतर बघू. बरं, पावसात ओटा गळतोय, कोणाकडे जुनी ताडपत्री असेल तर सांगा. आणि चिंचोके पण हवेत, निम्मे पोरांनी खिशातून घरी नेले.